निशाण बदलल्यानंतर

शनिवार पेठेत वाढलेल्या मुलाला ‘पळपुटा’ हा शब्द शेवटच्या पेशव्यांच्या ‘बाजीराव’ या नावाच्या आधी कळतो. मेहुणपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात शिकवणी चुकवणाऱ्या, आंघोळ टाळणाऱ्या, पाहुण्यांसमोर यायला लाजणाऱ्या प्रत्येक पोराला आजी याच नावानं हाक मारायची. दुसरं नाव ती आवाज उतरवून घ्यायची: नातू. बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं, हे ती असं काही सांगे की मला वाटायचं, हे परवाच घडलंय आणि नातू अजून नाक्यावरच्या दुकानात सुपारी कातरत बसलेले असतील. पर्वतीला नेलं की एक खिडकी दाखवायची. ‘इथनं बघत उभा होता बाजीराव.’ खडकीला माणसं मरत होती आणि धनी खिडकीत.

दोन माणसं आणि एक खिडकी. आमच्या पेठेचा १८१७ चा इतिहास एवढ्यात बसतो. शाळेच्या पुस्तकानं त्यात एक वाक्य वाढवलं, ‘१८१८ मध्ये मराठेशाही बुडाली’, आणि धडा संपला.

हे पुस्तक त्याच्या पुढच्या, कधीच न शिकवलेल्या धड्याबद्दल आहे. लढायांचं वर्णन पहिल्या काही प्रकरणांत उरकलं आहे. ज्यांना तोफांचे आवाज हवेत त्यांनी तिथेच थांबायला हरकत नाही. माझं म्हणणं प्रस्तावनेतच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना पुस्तक मिटणं सोपं जाईल. ईस्ट इंडिया कंपनीनं हा मुलूख तोफांनी घेतला तो सात महिन्यांत. तो खऱ्या अर्थानं तिच्या हातात गेला कागदांमुळे, आणि त्याला पुढची साठ वर्षं लागली. बाजीरावांना शिव्या घालण्याची सोय असल्यामुळे आपण त्या कागदांकडे कधी वळलोच नाही.

आधी मोहीम थोडक्यात. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी कंपनीची तैनाती फौज पत्करली. तिथून पुढं पुण्यात गादी पेशव्यांची आणि वजन संगमावरच्या रेसिडेंटाचं. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. संशय बाजीरावांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला. ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि १८१६ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. या साऱ्याचा वचपा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं जून १८१७ च्या तहात काढला. मराठमंडळाच्या प्रमुखपदावर पेशव्यांना पाणी सोडावं लागलं. त्या वर्षीच्या दसऱ्याला, १९ ऑक्टोबरला, पुण्यात जी फौज जमली ती सोनं लुटायला जमलेली नाही हे शहराला कळत होतं आणि रेसिडेंटालाही. त्यानं १ नोव्हेंबरला आपली पलटण गारपिरावरून खडकीला हलवली.

५ नोव्हेंबरला दुपारी गणेशखिंडीच्या माळावर लढाई झाली. पेशव्यांकडे पंचवीस हजारांवर माणूस, कंपनीकडे जेमतेम तीन हजार. जरीपटक्याचे मानकरी मोरोपंत दीक्षित पडले, पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या घोडदळाचा हल्ला पाणथळ जमिनीत फसला, आणि संध्याकाळी दोन्ही फौजा आपापल्या जागी परतल्या. कंपनीकडचे मेलेले आणि जखमी मिळून ८६. आपल्याकडचे पाचशेच्या घरात. इकडे संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या लोकांनी जाळली. त्यात एल्फिन्स्टनची पुस्तकं आणि वर्षानुवर्षांची टिपणं गेली. ज्या माणसाचे सगळे कागद आपण जाळले, त्यानंच पुढं आपल्याला कागदात बांधलं. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

त्यानंतरचे दहा-अकरा दिवस मला लढाईपेक्षा जास्त भयंकर वाटतात. कारण मध्ये दिवाळी होती. खडकीची लढाई आश्विन वद्यात झाली. कंपनीच्या जनरल स्मिथची फौज येऊन येरवड्याची लढाई होईपर्यंत नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज सगळं येऊन गेलं. पेठांमध्ये त्या वर्षी अभ्यंगस्नानं झाली असतील, पणत्या लागल्या असतील, आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न असेल: दागिने पुरायचे की घेऊन निघायचं? १६ नोव्हेंबरला येरवड्याला चकमकी झाल्या, त्या रात्री पेशवे निघाले, आणि १७ तारखेला वाड्यावर निशाण बदललं. शहर लुटलं गेलं नाही. स्मिथ आणि एल्फिन्स्टन यांनी तशी काळजी घेतली. याला इंग्रजांचा मोठेपणा म्हणणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. मला त्यात हिशेब दिसतो. लुटलेल्या शहरात सावकार राहत नाही, कारकून राहत नाही, दप्तर राहत नाही. आणि दप्तराशिवाय सारा कुणाकडून किती घ्यायचा?

बाजीराव पळाले हे खरं. सासवड, माहुली, पंढरपूर, मग उत्तरेकडे जुन्नरच्या बाजूला, परत फिरून चाकण, फुलगाव, मग दक्षिणेला थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत, पुन्हा सोलापूर. मागे स्मिथ आणि प्रिट्झलर यांच्या फौजा. या वाटेवर १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली. तिच्याबद्दल पुढे लिहिते. २० फेब्रुवारीला मोहोळजवळच्या आष्टीला बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर उरला तो नुसता प्रवास. एप्रिलमध्ये वर्धा नदीकाठच्या शिवणीला उरलीसुरली फौज उधळली गेली आणि ३ जून १८१८ ला बाजीराव असीरगडाजवळ जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. सालीना आठ लाखांचं पेन्शन आणि कानपूरजवळचं बिठूर. घोड्यावर बसून सात महिने पाठलाग चुकवणं हे मराठ्यांच्या जुन्या युद्धतंत्रात भ्याडपणाचं लक्षण मानलं जात नव्हतं. राजाराम महाराजांच्या काळात त्याच पळण्याला आपण गनिमी कावा म्हणतो. फरक पळण्यात नव्हता. राजाराम महाराजांच्या मागे गावोगावचे देशमुख आणि पाटील उभे राहिले. बाजीरावांच्या मागे कुणी उभं राहावं असं त्यांनी वीस वर्षांत काही केलेलं नव्हतं, आणि मामलती इजाऱ्यानं विकून जे केलं होतं त्यानं उभे राहणारेही बसले. हा माझा निकाल. आजीला तो पटला नसता.

ही मोहीम एकट्या पेशव्यांविरुद्ध नव्हती हेही पुण्याच्या कथेत हरवतं. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनं पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी म्हणून सव्वा लाखाच्या आसपास फौज उभी केली होती, आणि पुणं, नागपूर, इंदूर हे सगळे तिच्या जाळ्यात आले. होळकरांशी जानेवारीत तह झाल्यावरसुद्धा तापीकाठच्या थाळनेरला फेब्रुवारीच्या शेवटी जे घडलं ते वाचून आजही अंगावर काटा येतो: गढीच्या दारात झालेल्या गोंधळानंतर शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. त्यावर विलायतेतही प्रश्न विचारले गेले. पुणं वाचलं, थाळनेर वाचलं नाही. आपली प्रसिद्ध माणसं पुण्यात होती आणि थाळनेरची नव्हती, म्हणून आपल्या आठवणीत १८१८ चं युद्ध रक्ताशिवायचं झालं आहे.

आणि त्या फौजांबरोबर आणखी एक जण चालत आला. १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालात जेसोरला पटकीची साथ भडकली. नोव्हेंबरमध्ये ती बुंदेलखंडातल्या हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली आणि हजारो माणसं घेऊन गेली. तळ हलले तशी तीही हलली. १८१८ च्या पावसाळ्यापर्यंत ती दख्खन ओलांडून पुण्या-मुंबईला पोचली होती. पटकी आपल्याकडे आधी नव्हती असं नाही, पण जगभर फिरणारी पटकी ही या वर्षांची देणगी. मराठी मुलखात पुढं शतकभर ‘मरी आली’ या दोन शब्दांनी गावं रिकामी झाली. वेशीवरच्या मरीआईला ओलांडून कुठलीही साथ जाणार नाही अशी समजूत होती. ही साथ सैन्याच्या वाटेनं आली, आणि सैन्याला वेस कुठली?

किल्ल्यांचं काय झालं ते प्रत्येक गिर्यारोहकाला ठाऊक आहे. सिंहगड मार्चच्या सुरुवातीला पडला, रायगड मे महिन्यात, सोलापूर मे महिन्यात, मालेगावचा भुईकोट अरबांनी जूनपर्यंत लढवला. मग पायऱ्या उडवल्या, दरवाजे पाडले, टाकी निकामी केली. कातळात अर्ध्यावर तुटलेला जिना दिसला की आमची ट्रेकर पोरं ‘इंग्रजांनी उडवला’ म्हणून पुढं सरकतात. मला त्या पायऱ्यांपेक्षा त्यांवरून रोज वर-खाली करणाऱ्या माणसांची जास्त चौकशी करावीशी वाटली. प्रत्येक गडाला शिबंदी होती, घेरेकरी होते, गस्तीला रामोशी, कोळी, महार, मांग होते, आणि या प्रत्येकाच्या नावावर नेमणूक किंवा जमिनीचा तुकडा होता. गड निकामी झाले म्हणजे ही सगळी माणसं एका उन्हाळ्यात निकामी झाली. पुरंदरच्या मुलखातले रामोशी काही वर्षांतच उमाजी नाईकांच्या मागे उभे राहिले. उमाजींना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी झाली. कर्नाळा १८१८ च्या जानेवारीत पडला. त्याच्या किल्लेदाराचा नातू पुढं पुण्यात सरकारी हिशेब खात्यात कारकून झाला आणि १८७९ मध्ये रामोशांनाच हाताशी धरून त्यानं बंड केलं. त्याचं नाव वासुदेव बळवंत फडके. एकसष्ट वर्षांनी ती मोहीम अजून चालूच होती असं मी म्हणते ते यासाठी.

आता कागद.

११ फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याहून एल्फिन्स्टननं एक जाहीरनामा काढला. पेशव्यांचं राज्य गेलं. वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानं जशीच्या तशी चालतील. कुणाच्या धर्माला हात लागणार नाही. जे ठरल्या मुदतीत पेशव्यांची साथ सोडून घरी परततील त्यांचं काही जाणार नाही. या एका कागदानं आष्टीच्या लढाईपेक्षा जास्त काम केलं. शिलेदार घोडी वळवून गावाकडे निघाले. त्यांना दोष देण्याआधी वाचकानं स्वतःला विचारावं: घर, शेत, आईबाप एका पारड्यात आणि रानोमाळ भटकणारा धनी दुसऱ्यात, तर आपण काय केलं असतं?

पुण्याचा पहिला कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन. त्याच्या हाती जो कारभार आला त्यात सगळ्यात मौल्यवान गोष्ट होती पेशव्यांचं दप्तर. कोण कुणाचा वतनदार, कुठल्या गावचा वसूल किती, कुणाला कशापायी काय दिलं, हे सगळं त्या मोडी रुमालांत होतं. इंग्रजांनी ते फेकलं नाही, जपलं. १८९१ मध्ये त्यासाठी दगडी इमारत बांधली. ती कौन्सिल हॉलजवळ अजून उभी आहे. गो. स. सरदेसाई यांनी तिथूनच निवडून १९३० च्या दशकात ‘पेशवे दप्तरा’चे ४५ खंड काढले. आपला इतिहास आपल्याला शत्रूच्या तिजोरीत सुरक्षित सापडला. यात आनंद मानावा की लाज वाटावी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

कागदाची ताकद कशी चालते याचा एक नमुना पुस्तकात सविस्तर दिला आहे, तो म्हणजे नारोबा औटींचा. हे पेशव्यांच्या विश्वासातले किल्लेदार. त्यांची पुण्यातली दौलत रॉबर्टसननं पेशव्यांचा पैसा समजून जप्त केली. तंटा मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथं एल्फिन्स्टन आणि रॉबर्टसन यांच्याविरुद्ध निकाल लागला. पुण्यात त्या दिवशी कुणी पेढे वाटले असतील तर मला नवल वाटणार नाही. पण १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला: ही युद्धातली जप्ती, हिच्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही. शहर नोव्हेंबर १८१७ पासून शांत होतं, दुकानं उघडी होती, कलेक्टर कचेरीत बसत होता. तरी कायद्याच्या नजरेत युद्ध चालू होतं. युद्ध कधी संपलं हे जेता ठरवतो, एवढं औटींच्या घराण्याला बारा वर्षांनी कळलं.

ब्राह्मणांच्या पुण्याला मात्र कागदानं चुचकारलं. श्रावणात रमण्यात वाटली जाणारी दक्षिणा एकदम बंद केली तर बोंब होईल, म्हणून तिच्यातल्या पैशातून ६ ऑक्टोबर १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तीच पुढं पूना कॉलेज, मग १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाली आणि १८६८ मध्ये येरवड्याला गेली. खडकीच्या लढाईचा गणेशखिंडीचा माळ आधी गव्हर्नरच्या बंगल्याला मिळाला आणि १९४९ नंतर विद्यापीठाला. म्हणजे ज्या दोन जागी पुणं हरलं, त्या दोन्ही जागी आज आमची मुलं पदव्या घेतात. योगायोग असेल. पण दक्षिणेचे पैसे शाळेला आणि शाळेतली मुलं कचेरीला, हा प्रवास योगायोगाचा नव्हता.

शेतकऱ्याच्या वाट्याला आलेला कागद वेगळा. डॉ. थॉमस कोट्स नावाच्या शल्यवैद्यानं १८१९-२० च्या सुमारास नगर रस्त्यावरच्या लोणीकंदची बारकाईनं पाहणी केली. गावातली बहुतेक घरं तेव्हाच सावकाराच्या वहीत होती. हे मुद्दाम सांगते, कारण सगळं कर्ज इंग्रजांनी आणलं असं म्हणणं सोयीचं आहे आणि खोटं आहे. त्यांनी आणलं ते कर्जाला मागं न हटणारं कोर्ट, आणि मोजून-मापून ठरलेला, रोख भरायचा सारा. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली मोजणी इतकी चढी निघाली की लोकांनी शेतं टाकली. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात तीस वर्षांचा नवा बंदोबस्त बसवला. त्याची मुदत संपून सारा पुन्हा वाढला आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. त्यांनी सोनं-नाणं शोधण्याआधी कर्जखतं शोधली आणि जाळली. एल्फिन्स्टनची टिपणं संगमावर जळाली होती त्याला तेव्हा अठ्ठावन्न वर्षं होत आली होती. या खेपेला जाळणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं काय जाळायचं ते.

आणि इनाम कमिशन. १८५२ च्या कायद्यानं प्रत्येक इनामदाराला म्हटलं: सनद दाखवा. साताऱ्याच्या जाहीरनाम्यातलं ‘जशीच्या तशी’ आता ‘पुरावा असेल तर’ झालं. हजारो इनामं गेली. गंमत म्हणजे, किंवा शोकांतिका म्हणजे, या खात्यात असिस्टंट कमिशनर म्हणून ज्या मराठी माणसानं काम केलं ते गोपाळ हरी देशमुख, आपले लोकहितवादी. त्यांचे वडील आष्टीला पडलेल्या बापू गोखल्यांच्या पदरी फडणीस होते. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहून ज्यांनी पुणेकरांना त्यांच्या ऱ्हासाची कारणं सुनावली, त्यांच्या घरात ऱ्हास कसा दिसतो हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांच्यावर रागावणारे पेठेत अजूनही भेटतात. मी रागावत नाही. बापाच्या धन्याचं राज्य ज्या दोषांनी गेलं ते दोष मुलानं नावानिशी लिहिले, यात मला धैर्य दिसतं.

बिठूरचं काय झालं हे सर्वांना माहीत आहे, म्हणून एका वाक्यात: बाजीराव २८ जानेवारी १८५१ ला वारले, पेन्शन दत्तकपुत्र नानासाहेबांना नाकारलं गेलं, आणि १८५७ चा कानपूरचा प्रसंग तिथून सुरू होतो.

कोरेगावबद्दल लिहिते म्हणाले होते. शनिवार पेठेतून ते तीसेक किलोमीटर. पर्वतीची खिडकी मला पाचव्या वर्षी दाखवली गेली. कोरेगावचा स्तंभ मी पाहिला पन्नाशी उलटल्यावर. या एका गोष्टीत आमच्या पेठेचा स्वभाव आला. कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची आठशेच्या आसपास माणसं पेशव्यांच्या मोठ्या फौजेपुढं दिवसभर भीमेकाठच्या गावात टिकली. तिसरा हिस्सा माणूस मेला किंवा जखमी झाला. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. लष्करी दृष्टीनं ही निर्णायक लढाई नव्हती. पण १८२१ मध्ये तिथं स्तंभाचा पाया घातला गेला आणि त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली गेली. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, ते महार. ज्या पुण्यात या माणसांची सावली चालत नव्हती, त्या पुण्याच्या राज्याविरुद्ध लढताना त्यांचं नाव पहिल्यांदा दगडावर आलं. १८९० च्या दशकात त्याच सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा अर्ज-विनंत्या करणाऱ्यांना हा स्तंभ पुराव्यासारखा हाताशी होता. इथंही पुन्हा कागदच. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथं गेले आणि आता दर वर्षी लाखो लोक जातात.

२०१७ च्या ३१ डिसेंबरला दोनशेव्या वर्षानिमित्त शनिवारवाड्याच्या पटांगणात सभा झाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाच्या परिसरात दगडफेक, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या जिन्यात जी बोलणी ऐकली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. मला एवढंच दिसलं की १८१८ ची मोहीम काही घरांत पराभव म्हणून पोचली आणि काही घरांत सुटका म्हणून, आणि दोन्ही घरं एकाच शहरात आहेत. पुस्तकातलं कोरेगावचं प्रकरण मी चार वेळा लिहिलं. अजूनही ते कुणालाच पूर्ण आवडणार नाही अशी मला आशा आहे.

शहराच्या बोलीतही मोहीम शिल्लक आहे. आमच्याकडे आजही ‘गावातून कॅम्पात’ जातात. म्हातारी माणसं ‘लष्करात’ म्हणतात. खडकी आणि पुणं इथल्या छावण्या मोहिमेच्या मुक्कामातून वाढल्या, नंतर दारूगोळ्याचा कारखाना आला, शेवटी सदर्न कमांड. शनिवारवाडा मात्र आटत गेला. १८२८ च्या फेब्रुवारीत त्याला आग लागली ती कित्येक दिवस धुमसत होती, आणि आज आत फिरताना जे दिसतं ते नुसतं जोतं. दिल्ली दरवाजासमोर संध्याकाळी भेळ खाणाऱ्या पोरांना हे सांगावंसं वाटतं आणि मी सांगत नाही. त्यांची भेळ कशाला बिघडवायची?

हे पुस्तक का लिहिलं याचं खरं कारण आता शेवटी. आमचा मेहुणपुऱ्यातला वाडा पाडायला निघाला तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. वाचता कुणालाच येत नव्हतं, मोडी. बांधकामवाल्याच्या माणसानं विचारलं, ‘हे ठेवायचं का?’ घरातल्या कुणीतरी नको म्हटलं. मी गावाला गेले होते. परत आले तेव्हा ट्रंक होती, रिकामी. कागद किलोवर गेले होते. तळाला चिकटलेला एक तुकडा राहिला होता. तो भारत इतिहास संशोधक मंडळातल्या एका अभ्यासकानं वाचून दिला: कुठल्याशा गावच्या अर्ध्या चाहूर जमिनीच्या सनदेची नक्कल, इनाम कमिशनपुढं ठेवण्यासाठी उतरवून घेतलेली. ट्रंकेत बाकी काय होतं ते आता कळणार नाही.

पेठांमध्ये आजही वाडे पडत आहेत आणि प्रत्येक माळ्यावर अशी एक ट्रंक आहे. १८५२ नंतर जमीन जाईल या धास्तीनं ते कागद कुणीतरी जपले होते. तुमच्या घरी असेल तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ती एकदा सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात घेऊन जा. तिथं मोडी वाचणारी माणसं आहेत.